नदीकडचं दार

“पानी असतं तर मी पवून आले असते साहेब, कोरड्यातून कसं पवायचं, तेवढं शिकवा.”

मनकर्णाबाई हे भर सभेत म्हणाल्या. बीडहून आलेले साहेब हसले. बाकी कोणी हसलं नाही. नव्या खळेगव्हाणात नदीवरून थट्टा केलेली चालत नसे.

नव्या खळेगव्हाणाला नदी नव्हती.

जुन्याला होती. ते गाव धरणाखाली गेलं आणि माणसांना वर माळावर आणून ठेवलं. माळ परातीसारखा सपाट. तिथं सरळ रेघा मारून घरांच्या जागा पाडल्या आणि चिठ्ठ्या टाकून वाटल्या. चिठ्ठीला आळी कळत नाही. त्यामुळे वरच्या आळीतल्या आप्पारावांना माळाच्या टोकाची जागा लागली आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून आला कारभारी, नदीपलीकडच्या बौद्धवाड्यातला. चिठ्ठ्या वाटून झाल्यावर अधिकारी चहा पिऊन गेले. मग गाव कामाला लागलं. तुझी जागा मला दे, माझी तू घे, असं करत करत पोळ्याच्या आत जो तो जुन्या गावात जिथं होता तिथं जाऊन बसला. पलीकडच्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्या हातात बदललेल्या चिठ्ठ्या आल्या, इतकंच.

सगळे आपापल्या जागी बसल्यावर मधे नदीला जागा सोडावी लागली. असा ठराव कोणी केला नव्हता. घरं उभी राहिली तेव्हा मधून सात-आठ बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढा पट्टा मोकळा राहिलेला दिसला. त्याला जुन्या नदीसारखंच वळण होतं. त्या पट्ट्यात कोणी उकिरडा केला नाही, गोवऱ्या थापल्या नाहीत. पलीकडे जायचं तर टोकाच्या लिंबापाशी नदी ओलांडायचा उतार होता, तिथून जायचं. बाया तिथं लुगडं चार बोटं वर धरत. वरच्या आळीत जाणारे म्हातारे आप्पारावांच्या ओट्यापाशी थांबून दम खात. चढ नव्हता. दम मात्र खरा असे.

मनकर्णाबाई मूळच्या पालीच्या. बिंदुसरेच्या काठावरचं ते गाव. तिथं त्या भावांबरोबर पोहायला शिकल्या. कारभारीशी लग्न होऊन जुन्या खळेगव्हाणात आल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात, उतार बंद पडला असताना, डोक्याला मिठाची पुरचुंडी बांधून नदी पोहून आल्या. सासूनं आठवडाभर अबोला धरला. वरच्या आळीतल्या बाया नुसतं बघायला काठावर यायच्या. खऱ्या नदीशी त्यांचा असा अंगाचा संबंध होता. म्हणून असेल, या दुसऱ्या नदीचा त्यांना राग येई. त्या पट्ट्यातून सरळ चालत जात, कुठंही, मधूनच. गावातली माणसं मान फिरवून घेत. उघड्यावर अंघोळ करणाऱ्याकडे पाहू नये, तशी.

कारभारीचं उलट होतं. तो उताराशी आला की चपला काढून हातात घेई.

“ह्या कावून काढल्या?” मनकर्णाबाई विचारत.

“भिजत्याल.”

“अन् पुढं वरल्या आळीतबी हातातच असत्यात. तिथं काय आभाळ गळतंय?”

कारभारी चपला काखेत मारी. तो भला माणूस होता. भांडण झालं तर त्याचा पहिला विचार समोरच्याचा घसा दुखेल, असा असायचा.

पाऊस पडेनासा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी गावात तेलघाणा आला. उठवून बसवलेल्या गावांना शेतीवर चालणारा धंदा मिळावा, अशी ती योजना होती, आणि बीडच्या साहेबांना मनापासून वाटत होतं की गावानं आपल्या पायावर उभं राहावं. माळावर दुसरं काही पिकेना तेव्हा करडई पिकत होती. तिला पाणी नको, राखण नको. काट्यांमुळे गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. पहाटे दवानं काटे नरम असतात तेवढ्यात हाताला फडकी गुंडाळून काढायची, ऊन चढलं की घरी. पलीकडच्यांना जमीन मिळाली होती ती सगळी मुरमाड, त्यामुळे सगळ्यात जास्त करडई त्यांच्याकडे. घाणा गावात आला तर तेल गावात राहील, पेंड गावच्या गुरांना मिळेल. यात कुठं खोट नव्हती. सहकारी संस्था काढायची तर सभासद कमी पडत होते, कारण अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं. म्हणून पलीकडच्यांची नावं घातली. आप्पाराव चेअरमन झाले.

जागा बघायला साहेब स्वतः आले. हिंडत हिंडत पट्ट्याच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “ही एवढी जागा पडीक आहे की! इथंच बांधा.”

माणसं काठावरच थांबली. शेवटी गहिनीनाथ म्हणाला, “साहेब, तुमी नदीत उभे हायेत.” हा गहिनीनाथ संस्थेचा सेक्रेटरी. त्याचं कोणतं बोलणं खरं आणि कोणतं चेष्टेचं, ते त्याच्या बायकोलाही कळत नसे.

साहेबांनी खाली बुटांकडे पाहिलं.

दुसरी सामायिक जागा नव्हती. पंधरवडाभर खल होऊन आप्पारावांनी मार्ग काढला. नदीत बांधायचं, पण उंच जोत्यावर. पूर आला तर मशीन भिजायला नको. जोतं छातीएवढं उंच घेतलं. बाहेरगावचा गवंडी विचारत राहिला, “कंचा पूर, मालक? आंघोळीला पाणी न्हाई इथं.” त्याला प्रत्येक वेळी चहा पाजण्यात आला. गावाच्या बाजूला दार, दाराला पायऱ्या. पलीकडची भिंत कोरी ठेवली. ती धारेची बाजू होती.

इथून मनकर्णाबाईंचं भांडण सुरू झालं. त्यांच्या अंगणातून घाण्याची भिंत हाकेवर दिसत होती. मशीनचा पट्टा फिरला तर आवाज येणार, तेलाचा वास येणार, पण पोतं घेऊन जायचं तर लिंबापर्यंत चालायचं, उतारावरून पलीकडे, वरच्या आळीतून आप्पारावांच्या ओट्यासमोरून, आणि मग पायऱ्या. डोक्यावर पोतं आणि पुढं चपला हातात घेतलेला कारभारी.

“त्या वाटंनं मी पोतं न्हेनार न्हाई,” त्यांनी सांगून टाकलं. “मी सभासद हाय. माझ्या बाजूला दार पाडा.”

त्यांचं बघून पलीकडच्या कोणीच करडई नेली नाही. घाण्याला करडई लागते, आणि करडई होती ती तिकडेच. वरच्या आळीचं दोन दिवसांत गाळून झालं आणि मशीन थांबलं. वरच्या आळीची गुरं पेंडीवाचून हाडं दाखवू लागली. पलीकडे करडईच्या पोत्यांवर कोंबड्या झोपत होत्या. असं एक आख्खा हंगाम चाललं. मग साहेबांना बोलावून सभा घेतली.

“बाई, समोरच्या दारानं यायला काय अडचण आहे?” साहेबांनी विचारलं.

“वळसा हाय.”

“मग सरळ या.”

“सरळ आलं तर भिंत लागती. तिला दार पाडा.”

“दार पाडायला कोन न्हाई म्हनतंय?” आप्पाराव समजुतीच्या आवाजात म्हणाले. ते गावात सगळ्यांत मऊ बोलत. “पर धारंच्या तोंडाला दार पाडल्यावर पानी आत शिरंल का न्हाई, मनकर्णे? मशीन समद्यांचं हाय. तुजंबी हाय.”

“कंचं पानी, चेअरमन? प्यायला टँकर येतोय.”

“आज न्हाई. उद्या येईल. नदी हाय ती.”

साहेबांनी पिशवीतून नकाशा काढून टेबलावर पसरला. चौघं त्यावर वाकले. “इथं नदी दाखवलेली नाही,” ते म्हणाले.

“नकाशात न्हाई साहेब,” आप्पाराव म्हणाले, “गावात हाय.”

साहेबांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घ्यावं, अशा सुरात ते म्हणाले, “बरं, नदी आहे असं धरून चाला. म्हणून काय तुम्ही येऊच शकत नाही?” तेव्हा त्या ते पोहण्याचं वाक्य म्हणाल्या.

सभेत ठरलं ते असं. दाराला हरकत नाही, पण नदीकडे दार म्हटल्यावर पूल पाहिजे. पुलाची मागणी वर गेली. जिथं नदी नाही तिथं पूल देता येत नाही, असं वरून कळलं. गावाला हे फार लागलं. जुनं गाव गेलं ते सोसलं, आता आहे तेही नाही म्हणतात! गहिनीनाथ पारावर सांगत फिरला, “दाराला पूल लागतो, पुलाला नदी लागती. नदी तर आपन पदरची देतोय, आनखी काय करावं मानसानं?”

एक गोष्ट मनकर्णाबाईंना तेव्हा कळली. आजवर त्यांना वाटायचं, लोक नदीचं सोंग करतात, कधीतरी कंटाळतील. ते सोंग नव्हतं. आप्पाराव खरोखर रात्री उठून नदीचा कानोसा घेत. त्यांचा थोरला भाऊ जुन्या नदीत वाहून गेला होता, आणि नव्या गावातही आषाढात ते त्याच्या नावानं पट्ट्याच्या काठावर दही-भात ठेवत. माणूस खोटं बोलत असेल तर त्याच्याशी भांडता येतं. खरं बोलणाऱ्या या माणसाचं काय करायचं, हे त्यांना समजेना.

उन्हाळ्यात टँकरचा नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला आणि सिदू नावाचा नवा पोरगेलासा माणूस आला. त्याला गावाची माहिती नव्हती. त्यानं टँकर थेट पट्ट्यात घातला.

“आरं बुडशील!” कोणीतरी ओरडलं.

सिदूनं खिडकीतून डोकं काढलं. “कशात?”

त्यानं घाण्याच्या भिंतीपाशी टँकर थांबवला, खाली उतरून झडप उघडायला गेला आणि झडप त्याच्या हातात आली. पाणी धो धो पडायला लागलं. इतकी वर्षं मनकर्णाबाईंशिवाय फारसं कोणी चाललं नव्हतं म्हणून असेल, किंवा माळालाही ती जागा माहीत झाली होती म्हणून, पण पाणी इकडेतिकडे पसरलं नाही. ते पट्ट्याच्या वळणानं वाहायला लागलं.

माणसं हंडे घेऊन आली आणि दोन्ही काठांवर थांबली. आत कोणी उतरेना. पाणी तांबूस होतं, वर काटक्या आणि वाळकी पानं तरंगत होती, आणि त्याला चक्क आवाज होता. वरच्या आळीतल्या एका म्हातारीनं कुंकू वाहिलं. कारभारीनं हात जोडले. आप्पारावांच्या डोळ्यांतून धार लागली. ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मनकर्णाबाई तेवढ्या लुगडं खोचून आत शिरल्या आणि झडपेखाली हंडा धरला. “मेल्यांनो, प्यायचं पानी हाय हे! बगता काय? आना की भांडी!”

“माघारी ये गं,” काठावरून वरच्या आळीतल्या सुंदरबाई ओरडल्या. “पानी चढतंय!”

पाणी घोट्याखाली होतं. मनकर्णाबाईंचे दोन हंडे भरले. बाकीचं गावाच्या डोळ्यांदेखत लिंबापर्यंत वाहत गेलं आणि मुरमात जिरलं. त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल धड पेटली नाही. पण माणसं तहानेली होती तरी प्रसन्न होती. नवं लग्न झालेल्या घरासारखं गाव दिसत होतं.

या पाण्यानंच दाराचं काम केलं. आप्पाराव आठ दिवसांनी स्वतः पट्ट्याच्या काठापर्यंत आले आणि पलीकडच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “नदी वाहती झाली. आता कुनाची हरकत न्हाई. वाहत्या नदीला पूल नसला तरी काहील चालती.”

काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. जुन्या गावात पुराच्या दिवसांत तीच नाव व्हायची. दोन काठांवर दोर बांधायचे, काहिलीत माणसं बसवायची आणि ओढायची. आप्पारावांच्या गुऱ्हाळाची काहील नव्या गावात आली होती. तिच्यात बैल पाणी प्यायचे. ती घासून पुसून पट्ट्यात आणली. घाण्याची पलीकडची भिंत फोडली आणि दार बसवलं, चांगलं सागवानी, हिरव्या रंगाचं. दार जमिनीपासून छातीएवढं वर. पायऱ्या नाहीत, नदीत पायऱ्या कशा बांधणार? दाराखाली काहील लागेल, काहिलीतून पोतं वर घ्यायचं, माणसानं हात धरून वर यायचं. तेल त्याच वाटेनं परत.

“झालं ना आता तुज्या मनासारकं?” सुंदरबाईंनी विचारलं. घाण्यात करडई घालायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या वरच्या आळीतल्या, पण जिभेनं कोणत्याही आळीच्या नव्हत्या.

“दार हाय,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “बाकीचं बगू.”

मुहूर्ताच्या दिवशी पलीकडची सगळी वस्ती पोती घेऊन अंगणात उभी होती. दोन वर्षांची करडई, काही पोत्यांना भोकं पडलेली. आत आप्पाराव, गहिनीनाथ, कमिटीची माणसं, आणि समोरच्या दारात, पायऱ्यांवर, वरची आळी. पहिला मान मनकर्णाबाईंचा, असं आप्पारावांनीच ठरवलं होतं.

त्यांनी पोतं काहिलीत ठेवलं. घाण्याकडच्या चौघांनी दोर ओढला. काहील मुरमावरून खरडत निघाली. तो आवाज असा होता की कुत्री घरात शिरली. मनकर्णाबाई काहिलीच्या शेजारून चालत आल्या. दारापाशी पोतं वर दिलं, उंबऱ्यावर दोन्ही तळहात टेकले, आणि विहिरीतून वर येतात तशा अंग उचलून आत आल्या.

घाण्यातल्या सगळ्यांनी त्यांच्या कोरड्या पायांकडे पाहिलं.

“चालत आलीस,” आप्पाराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. भीती होती.

“पोतं बसवलं की काहिलीत.”

“पोतं न्हाई गं, मानूस. पोत्याला काय, पोतं बुडालं तर बुडालं. नदीतनं असं चालत आल्यावर उद्या पोरं चालतील, परवा गाड्या जातील. मग ऱ्हाईल का नदी?” त्यांनी दाराबाहेर बोट केलं. “माघारी जा. एकदा बसून ये. एकदाच. नारायनगडाची आन, मग पुन्यांदा कुनी तुला म्हननार न्हाई. तवर मशीन चालू करायचं न्हाई.”

“बस की बाई,” सुंदरबाई कुजबुजल्या. “काय झिजतंय तुजं? तिकडं समदी वस्ती ताटकळलीय. गाळून मोकळी हो.”

पलीकडून कोणी ओरडलं, “काय झालं? चालू करा की!” मनकर्णाबाईंनी दारातून पाहिलं. माणसं पोत्यांवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होती. सगळ्यांना तेल हवं होतं. त्यांनाही हवं होतं. दोन वर्षं घरात विकतचं तेल चमच्यानं मोजून पडत होतं. एवढं बसायचं, खरडत यायचं, की सगळ्यांचं भागलं. त्यांनी उंबऱ्याकडे एक पाऊल टाकलंसुद्धा.

तेवढ्यात पलीकडे कारभारी पुढं झाला. खाली दोर पडलेला, रिकामी काहील दारापासून त्यांच्या काठाकडे ओढून नेलेली. बायकोची अडचण त्याला दुरून कळली होती, आणि कोणाचा घसा दुखू नये म्हणून काय करायचं हे त्याला नेहमीच लवकर सुचे. तो काहिलीत जाऊन बसला. गुडघे छातीशी घेतले. दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या.

“वढा!” तो म्हणाला.

दोरावरच्या चौघांनी सवयीनं ओढलं. काहील निघाली. मुरूम करकरत होता, ठिणग्या उडत होत्या, आणि कारभारी जराही हलत नव्हता. काहील एका बाजूला कलंडली की तो दुसऱ्या बाजूला अंग झोकून तोल सावरत होता. मधोमध आल्यावर त्यानं वर, धारेच्या दिशेनं, एकदा काळजीनं बघून घेतलं. दाराखाली पोचला तेव्हा त्याचा चेहरा घामानं ओला होता आणि तो सुटकेनं हसत होता.

“आलो बग,” तो वर पाहत म्हणाला. “काई न्हाई त्यात.”

आप्पारावांनी मोठा श्वास सोडला. “झालं. घरचा मानूस बसून आला, म्हंजी तीच आली. लिव्ह रे गहिनीनाथ, मनकर्णाबाई काहिलीतून आल्या. चालू करा मशीन!”

“कारभाऱ्याचे पाय भिजले का बगा कुनी,” गहिनीनाथ म्हणाला. या खेपेला सगळे हसले. वरची आळी, कमिटी, खाली काहिलीत बसलेला कारभारीसुद्धा. हसण्यात कोणाचंच वाईट नव्हतं. मशीनचा पट्टा फिरायला लागला. पलीकडून आरोळी उठली आणि दुसरं पोतं काठावर आलं. सुंदरबाईंनी मनकर्णाबाईंच्या पोत्याची सुतळी सोडायला घेतली.

मनकर्णाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. सुतळीची गाठ पुन्हा मारली, दातानं घट्ट केली.

“अगं, आता काय?” सुंदरबाई म्हणाल्या. “आता तर समदं तुज्यासारकं झालं!”

“मी चालत आले. लिवलं मातर काहिलीतून,” मनकर्णाबाई म्हणाल्या, पण मशीनच्या आवाजात ते कोणाला नीट ऐकू गेलं नाही. मनकर्णाबाईंनी पोतं एकटीनं उचलून डोक्यावर घेतलं. हिरव्या दारात आप्पाराव हात पुढं करून उभे होते, खाली उतरताना त्यांना आधार द्यावा म्हणून. खाली कारभारी काहिलीतल्या काहिलीत सरकून त्यांच्यासाठी जागा करत होता.

त्या वळल्या. पायऱ्यांवर बसलेली वरची आळी उठून बाजूला झाली, आणि मनकर्णाबाई समोरच्या दारातून बाहेर गेल्या.